लिंबाच्या फांदीचा निकाल

गेदीच्या जंगलाकाठी आम्ही बाया फुलपाखरांचे कोष विकायचो, तेव्हाची गोष्ट. कोषांच्या खरेदी केंद्राचं दार उघडायची वाट पाहत मी आंब्याखाली बसले होते. मागे जुम्वा आणि न्येवूचं भांडण चाललं होतं. दोघींच्या मधे जाळीची पेटी, पेटीत एक काळंपांढरं फुलपाखरू.

"न्येवू, माझी मादी आहे ती. पिंजऱ्यातून सुटून तुझ्याकडे आली."

"तुझी? तुझे नर पिवळे, शेपटीवाले. ही काळीपांढरी, बिनशेपटीची. माझ्या कडू जातीतली आहे."

"सोंग आहे गं ते! कडू समजून पक्षी तिला खात नाहीत."

"बायकोनं थोडं तरी नवऱ्यासारखं दिसावं!"

"तू दिसतेस तुझ्या कात्सेंगासारखी? मिशा सोडल्या तर?"

"माझ्या मिशांवर जाऊ नकोस!"

"इथिओपियाकडे हिच्या बहिणी नवऱ्यासारख्याच पिवळ्या, शेपटीवाल्या असतात. आपल्याकडे कुठे तांबूस, कुठे अशा."

"असतील. ही माझी."

"अगं, एकच मादी उरलीय माझी. ती गेली तर यंदा कोष नाहीत. तिलाच विचारू. तुझी कडू जात अंडी कशावर घालते?"

"चिकाच्या वेलावर."

"माझी लिंबोणीवर. तुझ्या टोपलीत दोन्ही आहेत. ठेव पेटीत."

"लिंबाची फांदी माशासाठी नेतेय मी!"

"मासा थांबेल."

न्येवूनं वेल आणि फांदी आत ठेवली; दोघी जाळीला नाक लावून शेजारी बसल्या. असं कधी झालं नव्हतं.

"घातलं! लिंबाच्या पानावर घातलं! माझीच आहे!"

"बरं बाई, मादी तुझी. ने."

"आता कशी!"

"पण फांदी माझी. अंडं ठेवून जा."