पंगतीतला काळा राजा

—अजून वर कर हात. हां. काखेत तंगच बसणार तो झगा, माझ्या मापाचा शिवलाय ना, आणि तू निघालास ताडमाड. असू दे, राजाला कोण विचारतंय काखेत तंग होतंय का म्हणून? फेटा मी बांधतो, तुला नाही जमायचा. काय? छे छे, मला कशाला वाईट वाटेल, बाकारी! मीच म्हटलं खेळ बसवणाऱ्या रोझलिनबाईंना, औषधाच्या दुकानात नवा पोरगा आलाय, तरणाताठा आहे, राजाचं काम द्या त्याला — म्हणजे, आधी त्याच म्हणाल्या. "आनिसे, यंदा तुम्ही आराम करा." आराम! बस चालवायची सोडली तेव्हापासून दुसरं काय करतोय मी?

नाताळच्या या खेळात बोलायचं काही नसतं रे. बाळ येशूला बघायला तीन राजे येतात, त्यातला काळा तो बाल्ताझार. चर्चच्या दारातून गोठ्यापर्यंत चालायचं, गुडघे टेकायचे, डबी ठेवायची, संपलं. माझ्या आधी बेकरीवाला करायचा, काळा दिसावा म्हणून तोंडाला जळकं बूच फासून. आणि मी पहिल्यांदा बस घेऊन चौकात उतरलो, तर ही रोझलिनबाई — तेव्हा नवी नवरी होती — मला बघून टाळ्याच वाजवायला लागली, "चला, यंदा बुचाची कटकट गेली!" सगळे हसले. मीही हसलो. गावात नवा माणूस, हसणार नाही तर काय करणार?

तुलाही विचारतील, मूळचे कुठले. मला अजून विचारतात. ग्वादलूपचा, म्हणतो मी, म्हणजे फ्रान्सचाच की — त्यांना सांगतो, अहो, तुमचं हे गाव डोंगरापलीकडच्या परक्या राजाचं होतं ना, तेव्हा आमचं बेट फ्रान्सचं होऊन दोनशे वर्षं उलटली होती! तर म्हणतात, हो हो, पण मुळात? मुळात! आता काय जमीन खणून दाखवू? तू कुठला रे? लिऑन शहरातला म्हणतोस. ते झालं, पण खरा कुठला, आईबाप वगैरे — बघ. बघितलंस? माझ्याही तोंडून तेच. माफ कर बाबा. ऐकून ऐकून जीभही तशीच वळायला लागते.

मान हलवू नकोस, सुटेल फेटा. खरं सांगू? मला मेंढपाळ व्हायचं होतं. साधा. मागे उभं राहायचं, मेंढी धरायची, कुणी बघायचं नाही आपल्याकडे. एकदा विचारलंसुद्धा. तर बाई म्हणाल्या, "पण आनिसे, मेंढपाळ तर तिथलेच होते ना?" तिथले म्हणजे बेथलेहेमचे! आणि जोसेफ होणारा ब्रूनो काय बेथलेहेमचा आहे? शाळेला नेताना माझ्या बसमध्ये रोज ओकायचा तो. रोज! मीच पुसायचो. आज दाढी लावून जोसेफ झालाय, आणि मला अजून 'आपले बाल्ताझार' म्हणतो. चीड यायची मला या फेट्याची. दर वर्षी ठरवायचो, पुढच्या वर्षी नाही म्हणायचं.

मग 'नाही' का नाही म्हटलं? जेवणासाठी. हसू नकोस. आत्ता खेळ संपला की मागच्या हॉलमध्ये पंगत बसते — सूप, मासा, तेरा प्रकारचं गोडधोड — पण जो खेळात तो पंगतीत, बाकीचे आपापल्या घरी, आपापल्या माणसांत. आणि ज्याला माणसं नाहीत तो? वर्षभर मला बोंजूर म्हणतात आणि दार लावून घेतात. या एका संध्याकाळी कुणीतरी न विचारता माझा पेला भरतं. त्यासाठी टेकायचो रे मी गुडघे. बाळासाठी नाही, देव क्षमा करो.

पण ऐक, मेंढपाळ करणारा बातिस्त तापाने फणफणलाय. कळलं तुला? सकाळीच कळलं मला. म्हटलं, जाऊ या, फेटा बांधायला कुणी लागेलच — आणि येताना काठी घेऊन आलो. सहज. बाईंना निरोपही धाडला, मी मोकळा आहे म्हणून. "बघू" म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत, बघू म्हणाल्या.

आल्याच बघ. या, रोझलिनबाई, या! झाला तयार. शोभतोय ना? हो, माझ्यापेक्षाही. हो... आणि बातिस्तच्या जागी — काठी आणलीय मी, टोपी ओढली की तोंडसुद्धा — हो. हो, तेही खरंच. दोघं दिसलो तर लोकांचा गोंधळ होईल. मुलांचा तर होईलच. मग मेंढी एकटीच? हो, एकटीच चालेल, मेंढीला काय. नाही हो, वाईट कसलं! व्हा तुम्ही पुढे, धाडतो मी याला.

अरे — नको, काढू नकोस झगा. मुकाट्याने राहू दे तो अंगात. तुझ्यावर नाही रागावलो मी. तू जा, पोटभर जेव, खिडकीकडची खुर्ची घे, शेकोटीची ऊब येते तिथे. आणि विचारलंच कुणी, तर सांग, आनिसेला भूक नव्हती. विचारलं तर हां. आपणहून सांगू नकोस. जा आता.