चामडं आटतंय

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, दवाखान्यातले सगळे लहानथोर आणि आज आम्हाला सोडून लेकीच्या गावी निघालेल्या डॉक्टरबाई,

सगळ्यांची भाषणं उरकल्यावर इतक्या उशिरा उभा राहिलो, त्याबद्दल आधी माफी मागतो. बोलणार नव्हतो, पण राहवलं नाही. मी चपला-बूट शिवणारा माणूस, शाळा अर्ध्यात सुटलेला.

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला. तेव्हा माझेच बूट मला चावत होते. दरवर्षी नवे शिवायचो, दरवर्षी घट्ट व्हायचे. मी चामडेवाल्याशी भांडलो, ‘तुझं चामडं आटतंय.’ तो म्हणाला, ‘काका, मग गिऱ्हाइकांचं कसं आटत नाही?’ मी त्याला हाकलून दिलं. बाईंनी मात्र चप्पल घेताना माझा पंजा हातात धरला आणि विचारलं, ‘अंगठी कधीपासून बसत नाही?’

पुढचं त्यांनीच समजावलेलं सांगतो. डोक्यात मटाराएवढी ग्रंथी असते, ती अंगाला ‘वाढ’ म्हणते. तिला ‘बास’ म्हणणारं एक संप्रेरक असतं, सोमॅटोस्टॅटिन. आपण वाढीचं कौतुक करतो. बास म्हणणाऱ्याला कधी कोणी हार घातलाय? माझ्या ग्रंथीत गाठ होती, ती ऐकेना. हाडं रुंदावली, जीभ जाड झाली, काळीजसुद्धा वाढायला लागलं. तेच ‘बास’ जोरात म्हणणारं इंजेक्शन बाई दर महिन्याला देत आल्या, म्हणून आज उभा आहे.

इंजेक्शन नवे डॉक्टर देतील. धास्ती वेगळीच आहे. दुकान आता माझा मुलगा बघतो. तो काय, शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलाय. परवा बूट चढवताना म्हणाला, ‘बाबा, हल्ली चामडं आटतंय.’ मी चामडं टोचायची आरी खाली ठेवली. दवाखान्यात चल म्हटलं, तर हसतो. ‘तुम्हाला काय, सगळ्यांचेच पाय मोठे दिसतात.’ बाई म्हणाल्या होत्या, हे सहसा बापाकडून लेकराकडे जात नाही. त्या ‘सहसा’ने माझी झोप उडवली आहे.

घरी ऐकत नाही, म्हणून चारचौघांत बोललो. ऐकून घेतलंत, उपकार झाले. अधिकउणं गेलं असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. बाई, जाताना त्याच दाराने जा आणि निरोपाचा म्हणून त्याचा हात हातात घ्या. एवढ्या लोकांसमोर तो मागे घेणार नाही. तुमच्या हाताला काय जाणवलं, ते मला लवकर कळवा. मी इथेच खुर्चीत बसून आहे.