उघडा दर्या

रेवदंड्याच्या स्टँडवर मुरुडच्या एसटीची वाट बघणाऱ्या नूतनच्या मागे एक कोळीण आत्या आणि तिचा भाचा बोलत होते.

“मोबाइलवरच्या मासेमारीच्या गेमवर तुजी कंपनी मोठी झाली, दुसऱ्यांनी बनवलेले गेमबी बाजारात काढाया लागली. मंग बुडाली कशी रं?”

“गेममध्ये पावसाळाभर दर्या बंद असायचा, आत्ये, आपल्यासारखाच. लोक नारळी पुनवेची वाट बघायचे.”

“मंग?”

“पैसा लावणारे म्हणाले, बारा महिने उघडा ठेव. ठेवला. लोकांना कंटाळा आला, सोडून गेले.”

“न् आता?”

“काल गेमच कायमचा बंद केला. जे उरले होते, त्यांनी जाताना गेममधल्या आपापल्या होड्या किनाऱ्यावर ओढून, पावसाळ्यासाठी झाकतात तशा झावळ्यांनी नीट शाकारून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.”

“होडी शाकारनारा परत येतोच रं. पुनवेला काय सांगशील त्यांना?”