साहेबांचं समुद्रस्नान

अलिबागच्या सहलीचं सांगतो, आणि यात मी पदरचं फार थोडं घातलंय.

आमचा मंदार, म्हणजे माझा भाचा, कोथरूडला असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. अमेरिकेला कोणाला पाठवायचं हे त्याचे दिल्लीचे साहेब ठरवणार होते, आणि साहेबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मंदारने आठवडाभर खपून एक्सेलमध्ये सहल आखली. मिसळ सात चाळीसला, समुद्रस्नान साडेअकरा ते साडेबारा.

साडेअकराच्या ठोक्याला पोचलो, तर समोर नजर जाईल तिथवर चिखल.

शहाळीवाला म्हणाला, "ओहोटी आहे. पाणी आता संध्याकाळी सहाला."

साहेब अर्ध्या चड्डीत, खांद्यावर टॉवेल. "मंदार, समुद्र कुठे आहे?"

मी मनात म्हटलं, गेली अमेरिका.

मंदार शांतपणे म्हणाला, "सर, मेंटेनन्ससाठी बंद ठेवलाय. सहाला पूर्ववत सुरू होईल."

साहेब टॉवेल अंथरून तिथेच बसले. सहाला पाणी आलं, तसे मनसोक्त डुंबले आणि अंग पुसत मला म्हणाले, "अख्खा समुद्र गायब असताना जो न अडखळता तो परत सुरू व्हायची वेळ सांगतो, त्यालाच क्लायंटसमोर उभं करायचं असतं. याचा पासपोर्ट तयार आहे ना?"