फोनातली हवा

माहं माहेर वारासिवनीजवळचं, तिथंच लहानाची मोठी झाली मी, अन् काय सांगू तुमाले, उन्हाले मी कधी भ्याली नाई. आमचा बाप सांगे, ऊन तापाच्या आधी दारं-खिडक्या लावून घ्या, दारावर ओलं पोतं टांगा, खिशात कांदा ठेवा, मंग सूर्य दारात येऊन बसला तरी काही करत नाई. आता बालाघाटात घरी कूलर आला, पण पोतं काही मी सोडलं नाई.

लग्न झाल्यावर मालकाले समुद्राकडे बंदरावर काम भेटलं. आमची वनिता तवा वर्साची होती, तिले घेऊन गेलतो. आता पाहा, तिथलं ऊन आपल्यापेक्षा कमीच, मी म्हणलं, हे काय ऊन आहे बापा! पण घाम निंगते त निंगतेच, वाळतच नाई, लुगडं अंगाले चिपकून राहे, डब्यातल्या मिठाचं पाणी होऊन जाय. मी आपली शहाणी, दहा वाजता खिडक्या लावल्या, ओली चादर टांगली, पोरीले निजवलं अन् सैपाकाले लागली. पाहते त पोरगी लाल, मान टाकलेली, हाका मारल्या त डोळेच उघडे ना. मी बोंबलली. शेजारची बाई धावत आली, तिची भाषा मले समजे ना, माही तिले, तिनं पहिले चादर ओढून फेकली, धडाधड खिडक्या उघडल्या, पोरीले ओट्यावर नेलं, ओल्या फडक्यानं पुसत राह्यली अन् पुठ्ठ्यानं वारा घालत राह्यली. लय वेळानं वनिता रडली. पोरगी रडली अन् मी हसली, सांगा! डाक्टर हिंदीत म्हणे, बाई, यहाँ पसीना सूखता नहीं, बच्चे को हवा चाहिए. मले आजही लाज वाटते, माह्याच हातानं झालं ना ते.

अन् आता तेच वनिता जावयाच्या नोकरीपायी तिथंच राहून राह्यली, अन् तिचं लेकरूही वर्साचंच. माहा जीव थाऱ्यावर कसा राहीन? रोज दुपारी फोन लावते, खिडकी उघडी आहे काय व? वनिता चिडते, हौ ना आई, किती डाव विचारशीन? मी म्हणते, फोन ठेव खिडकीत. ठेवते बिचारी. हवा फरफर आयकू येते, मंग माह्या घशाखाली घास उतरते.

आज ठेवला फोन, त काहीच आयकू आलं नाई. म्हणलं, लावली काय खिडकी? नाई आई, उघडीच आहे, सकाळपासून हवाच पडली, झाडाचं पान हालत नाई. अन् लेकरू? झोपलं. उठव त्याले. आई, आत्ताच झोपलं ना व, काहून उठवू? म्हणलं, तुले काय सांगू काहून, उठव म्हणते ना!

उठवलं तिनं. काय भोकाड पसरलं त्यानं, तिकडे वनिता मले बोलून राह्यली, मी काही आयकलं नाई तिचं. रड माह्या राजा, म्हणलं, चांगलं जोरानं रड, औक्षवंत हो. जेवणाचं ताट झाकून ठेवलं आहे, आता जेवते दोन घास. उद्या हवा सुटू दे रे देवा.