सगळ्यांत उंच

डेन्मार्कमधल्या त्या गावच्या बसमध्ये इंगर विणत बसली होती. पुढच्या बाकावरून आजोबा-नातीचं बोलणं कानावर आलं आणि तिची सुई थांबली.

"सिग्ने, कोलांटउडी जमली का?"

"हळू बोला ना, आजोबा. जिम्नॅस्टिक्सच्या नवशिक्यांच्या गटात पंधरा वर्षांची मी एकटीच. बाकी सगळ्या सहा वर्षांच्या."

"मैत्रिणी झाल्या असतील."

"एकीने पडलेला दात माझ्याकडे सांभाळायला दिलाय."

"बघ, पत वाढली."

"मार्चमधल्या क्लबच्या कार्यक्रमाआधी मी सोडणार. सगळं गाव बघायला येतं."

"सोड की. पण मग कार्यक्रमाच्या सुरुवातीला गटाचा झेंडा घेऊन पुढे कोण चालणार?"

"कोणीही."

"कोणीही कसं? गटात जो सगळ्यांत उंच, त्याच्याच हातात झेंडा. क्लबची रीत आहे."

सिग्ने बाकावर ताठ बसली.

"जड असतो का हो झेंडा?"

"मला काय ठाऊक? मी कायम सगळ्यांत बुटका."