पोलिसाचा फोन आणि वकीलकाका

आता हसू येतंय गं, पण परवा माझा जीवच गेला होता. बाळाला भरवत होते, तेवढ्यात फोन आला. "पोलीस बोलतोय. तुमच्या नवऱ्याला धडगावला पकडलंय. सोडवायचं असेल तर लगेच पैसे टाका." ह्यांची जीप घाटात, तिथे रेंजच नसते. विचारू कोणाला? फोन चालू ठेवूनच मी रडत शेजारच्या वकीलकाकांकडे पळाले. काका फसवणुकीचे, खुनाचे खटले लढतात, आरोपींच्या बाजूने. त्यांनी क्षणभर आवाज ऐकला आणि अहिराणीत ओरडलेच, "अरे, तुन्हा वकील बोली ऱ्हायनू मी! जामिनवर सुटीसन परत हाऊच धंदा?"

 पलीकडून एकदम मऊ आवाज आला, "साहेब, मन्ही पुढली तारीख कव्हय शे?"